दुरुस्ती : चालू / बंद

उद्या भरती चढायच्या आत
ओर्तेन्सियामावशीचं घर जागेवरून उठणार आहे.
सहा बैलजोड्या, दोन दोरखंड, खाली युकॅलिप्टसचे ओंडके,
आणि दालकावेपासूनचे सगळे सोयरे,
ज्यांना संध्याकाळी शिंपले आणि मेंढीचं मटण घालायचं.
माझ्या वाट्याला एकच काम : फोटो.

कॅमेरा जुना, पुएर्तो मोंतच्या बाजारातला.
आधीच्या मालकाने मेनू जपानीत सोडला होता.
तो आपल्या भाषेत आणण्यातच एक अख्खी दुपार गेली.

आता चुलीपाशी बसून एकेक पान उलटते आहे.
हे रुंद भिंग घराला पोट काढतं.
फळ्या मधोमध फुगतात,
घराने श्वास रोखून धरल्यासारख्या.
त्यावर उपाय दिलाय : भिंगाची दुरुस्ती.
एक बटण, की कोपऱ्यांतला काळोख निवळतो,
खिडकीच्या कडेची जांभळी रेघ जाते,
फळ्या सुतात येतात.

कालचा चाचणीचा फोटो दोन्ही तऱ्हांनी लावून पाहिला.
बंद : घर फुगीर,
आणि अगदी डाव्या कडेला आब्दोनमामा,
हात खिशात, पाठमोरा.
चालू : घर सरळ.
मामा नाही.
त्याच्या टोपीचा गोंडा तेवढा, तोही अर्धा.

सरळ करायला जागा लागते म्हणे.
ती कडेकडून घेतात.

मावशी खांद्यावरून वाकली. "हे बरं दिसतं गं."
मग चष्मा पुसून पुन्हा वाकली.
"पण अजून उजवीकडे कललंय की.
भूकंपात कललं होतं तस्संच."
ते या मेनूत नाही, मावशी.
यंत्राला फक्त स्वतःचा वाकडेपणा ठाऊक आहे.

आब्दोनला हे घर हलवणंच मान्य नाही.
"पायाशी पाणी आहे म्हणून ते घर," म्हणतो,
"टेकडीवर नेलं की कोठार."
तीन रविवार तो बहिणीकडे जेवला नाही.
चौथ्या रविवारी आला, दाराशी उभ्यानेच जेवला.

पुढचं पान : साठवण.
कार्डांचे कप्पे दोन. एक भरलं की दुसरं,
की दोन्हींत तेच,
की एकात रॉ आणि दुसऱ्यात जेपेग?
मी तिसरं निवडलं.
जेपेग सगळ्यांना वाटायला. हलकं, उजळ, सरळ.
रॉ जड असतं, आणि फिकट, बिनमिठाच्या भातासारखं,
पण त्याला कुणी हात लावलेला नसतो.
घर फुगलेलं, कोपरे काळे,
आणि कडेला मामा, गोंड्यासकट, पुरता.

दुसरं कार्ड मात्र भरलेलं निघालं.
कुणाचा तरी कुत्रा. बर्फातली एक मोटार.
एक बाई केक कापतेय, मागे कुणीतरी डोळे मिटलेलं.
दोनशे बारा फोटो.
"सर्व मजकूर पुसला जाईल. ठीक?"
बोट ठेवलं. उचललं.
कार्ड काढून बटणांच्या डब्यात टाकलं
आणि शेजारच्या लिसांद्रोकडून एक उसनं आणलं.
त्यात त्याच्या बोटीच्या इंजिनाचे सतरा फोटो होते.
ते पुसायला त्याने आनंदाने परवानगी दिली.

क्रमांक : पुढे चालू, की एकपासून?
कॅमेरा नऊ हजार आठशे चाळीसवर आहे.
उद्या चढाच्या मध्यावर कुठेतरी
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव होतील
आणि आपोआप पुन्हा एक.
राहू दे, पुढे चालू.

दहा वाजता दार वाजलं.
आब्दोन. बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल,
खांद्यावर भिजवलेला दोर, आतड्यासारखा गुंडाळलेला.
"उद्या फोटो कुठून काढणार?"
"किनाऱ्यावरून."
"मग मी दिसणार नाही."
"का? तू येणारेस?"
माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं.
"पुढची जोडी माझी आहे," म्हणाला.
"नाहीतर तो चढ काय तुझा कॅमेरा चढणार?"

चार्जरचा लाल दिवा अजून लालच आहे.